डाऊन सिंड्रोम, डायर्क-१ए आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल

प्रश्न एका आत्याचा आहे. थोडक्यात असा: "माझ्या भावाची मुलगी चार वर्षांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लेख फिरतोय. त्यात म्हटलंय की डायर्क-१ए नावाचं एन्झाइम या सगळ्याच्या मुळाशी आहे आणि ग्रीन टीच्या अर्काने ते बंद पडतं. वहिनीने कॅप्सूल मागवल्यासुद्धा आहेत. द्याव्यात का? याच एन्झाइमचा कॅन्सर, डायबेटिस आणि अल्झायमरशी संबंध आहे म्हणतात, ते खरं का? आणि माझं लग्न ठरलंय, तर मला काही धोका?" सोबत भाचीचा कॅरिओटाइप रिपोर्टही, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल, पाठवलाय.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कॅप्सूल देऊ नका. लेखातला "सगळ्याच्या मुळाशी" हा भाग चुकीचा आहे, "बंद पाडायचं" हा भाग तर धोकादायक आहे. पण ते एन्झाइम खरं आहे, महत्त्वाचं आहे, आणि त्याच्यावर चाललेलं काम थापेबाजी नाही. म्हणून नीट सांगायला हवं.

डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. हे गुणसूत्र माणसातलं सगळ्यात छोटं. २००० साली जपान आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांच्या पुढाकाराने त्याचा पूर्ण क्रम वाचून झाला, तेव्हा त्यावर सव्वादोनशेच्या आसपास जनुकं असावीत असा अंदाज निघाला. तुमच्या भाचीच्या पेशींत ही सगळी जनुकं दोनाऐवजी तीन-तीन आहेत. तीन प्रती म्हणजे ढोबळमानाने दीडपट प्रथिन. दीडपटीने बऱ्याचशा जनुकांचं काही बिघडत नाही, शरीर सांभाळून घेतं. काहींचं मात्र बिघडतं, आणि या एन्झाइमचं जनुक, त्याचंही नाव डायर्क-१ए, त्यांतलं ठळक. ते गुणसूत्राच्या लांब भुजेवर २१क्यू२२ या पट्ट्यात बसतं.

त्याचा शोध माणसात लागला नाही, फळमाशीत लागला. हे जनुक बिघडलेल्या माशांचा मेंदू छोटा राहतो, विशेषतः डोळ्यांकडून येणारी माहिती हाताळणारे भाग, म्हणून माशीतल्या जनुकाला 'मिनीब्रेन' नाव पडलं. ते काम १९९५चं. पाठोपाठ माणसातलं भावंड एकविसाव्या गुणसूत्रावर सापडलं आणि संशोधकांचे कान टवकारले.

डायर्क-१ए हे एक कायनेज आहे. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चिकटवणारं एन्झाइम. माणसात अशी पाचशेहून जास्त आहेत. एखाद्या प्रथिनाने पेशीत कुठे राहायचं, चालू राहायचं की बंद, कधी मोडीत निघायचं, हे पुष्कळदा या फॉस्फेटवर ठरतं. बहुतेक कायनेजना काम सुरू करण्यासाठी बाहेरून कुणाचा तरी इशारा लागतो. डायर्क-१एचं तसं नाही. रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यात, त्याची साखळी तयार होत असतानाच ते स्वतःच्या ३२१व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला स्वतःच फॉस्फेट लावून घेतं. तेवढ्याने ते कायमचं चालू होतं. टायरोसिनला हात लावणं तेवढंच एकदा, पुढे आयुष्यभर ते दुसऱ्या प्रथिनांतल्या सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवर काम करतं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. ज्या एन्झाइमला चालू-बंद करणारा कुणी बाहेर बसलेला असतो, त्याचं प्रमाण थोडं वाढलं तर तो बाहेरचा हात आखडता घेऊ शकतो. इथे असा हात फारसा नाही. जेवढं प्रथिन तयार झालं, तेवढं कामाला लागलं. म्हणून याच्या बाबतीत प्रमाण हेच नियंत्रण, आणि दीडपट झालं की दीडपट जाणवतं.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. डायर्क-१एची एकच प्रत चालू असलेली मुलं असतात. आईवडिलांत नसलेला, मुलातच नव्याने घडलेला बदल हे त्याचं नेहमीचं कारण. डोकं लहान, दूध ओढायला त्रास, तापात झटके, बोलणं फारच उशिरा किंवा अगदी थोडं, ऑटिझमची लक्षणं. पूर्वी अशा मुलांच्या फाइलवर 'कारण अज्ञात' लिहिलेलं असायचं, आता एक्झोम तपासणीत, म्हणजे जनुकांतले प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणाऱ्या तपासणीत, निदान हाती येतं. उंदरांत दोन्ही प्रती काढून टाकल्या तर पिल्लू गर्भातच मरतं. म्हणजे निम्मं झालं तरी मेंदूचं नुकसान, दीडपट झालं तरी नुकसान, शून्य झालं तर जगणंच नाही. वरणातल्या मिठासारखं हे आहे, आणि तो लेख तुम्हाला मीठ पूर्ण काढून टाकायला सांगतोय.

दीडपट झाल्यावर नेमकं होतं काय? दोन ठिकाणं जवळून बघू.

पहिलं म्हणजे पेशींचं विभाजन. गर्भातल्या मेंदूत चेतापेशींच्या पूर्वज पेशी आधी भराभर दुप्पट होत राहतात आणि ठरावीक वेळी थांबून चेतापेशी बनतात. किती वेळा दुप्पट व्हायचं आणि थांबायचं कधी, यावर मेंदूतल्या पेशींची संख्या ठरते. विभाजनाला पुढे ढकलणाऱ्या सायक्लिन-डी१ या प्रथिनावर डायर्क-१ए फॉस्फेट लावतं आणि ते मोडीत निघतं. शिवाय लिन-५२ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट लावून ते 'ड्रीम' या प्रथिनसंचाची जुळणी करतं. हा संच विभाजनाची जनुकं दाबून ठेवतो. दोन्हींचा अर्थ एकच: थांबा. एन्झाइम जास्त म्हणजे पेशी लवकर थांबणार.

इथे एक गंमत आहे, ती असे लेख कधी सांगत नाहीत. माणसातलं डायर्क-१ए ज्यात आहे असा गुणसूत्राचा एक तुकडा उंदरांत जास्तीचा घातला, तेव्हा त्या उंदरांच्या मेंदूचं वजन वाढलेलं निघालं. डाऊन सिंड्रोममध्ये तर मेंदू सरासरीपेक्षा लहान असतो. म्हणजे बाकीची दोनशे जनुकं काठावर बसून मजा बघत नाहीत, त्यांचाही हात असतो.

दुसरं ठिकाण मला स्वतःला जास्त आवडतं, कारण त्यात या गुणसूत्राची खोड दिसते. एनफॅट नावाची प्रथिनं पेशीच्या केंद्रकात गेली की हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्या, चेतापेशी अशा कितीतरी गोष्टींची जनुकं चालू होतात. त्यांना आत पाठवतं कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम, त्यांच्यावरचे फॉस्फेट काढून. डायर्क-१ए फॉस्फेट परत लावतं, त्यावर जीएसके-३ हे दुसरं कायनेज आणखी लावतं, आणि एनफॅट बाहेर येतं. आता याच गुणसूत्रावर डायर्क-१एपासून फार लांब नाही असं आरकॅन-१ नावाचं जनुक आहे, आणि त्याचं काम कॅल्सिन्युरिनला अडवणं. म्हणजे एनफॅटला आत जाऊ न देणारा आणि आत गेलेल्याला बाहेर काढणारा, दोघेही एकाच वेळी दीडपट. एकटा वाढला असता तर कदाचित निभावलं असतं. २००६ साली स्टॅनफर्डच्या जेराल्ड क्रॅबट्री यांच्या गटाने 'नेचर'मध्ये हे मांडलं. एनफॅट बिघडवलेल्या उंदरांत त्यांना चेहऱ्याची ठेवण, हृदय अशा बाबतींत डाऊन सिंड्रोमशी जुळणाऱ्या गोष्टी दिसल्या.

हृदयाबद्दल २०२४चं काम आणखी नेमकं आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या व्हिक्टर टिब्युलेविच आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एलिझाबेथ फिशर यांच्या गटांनी हृदयदोष असलेल्या उंदरांत डायर्क-१एची फक्त तिसरी प्रत काढली, बाकी सगळं तिप्पटच ठेवलं. हृदयदोष कमी झाले. डायर्क-१ए दाबणारं औषध गरोदर उंदरांना दिल्यावरही थोडी सुधारणा दिसली. पण त्याच कामातून असंही निघालं की डायर्क-१ए एकटं पुरत नाही, त्याच भागातलं किमान आणखी एक जनुक तिप्पट असावं लागतं. मला या संपूर्ण विषयातला हा सगळ्यात प्रामाणिक निष्कर्ष वाटतो.

आता कॅन्सर. इथे एकच एन्झाइम दोन तोंडांनी बोलतं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत रक्ताचा कॅन्सर इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, विशेषतः पहिल्या चार वर्षांतला मेगाकॅरिओब्लास्टिक ल्युकेमिया. त्याची सुरुवात गर्भातच गाटा-१ या जनुकातल्या बदलाने होते, आणि गाटा-१ आहे एक्स गुणसूत्रावर. तिसरं एकविसावं गुणसूत्र त्या बदलाला पोषक जमीन देतं. २०१२ साली दाखवलं गेलं की ही जमीन तयार करण्यात डायर्क-१एचा मोठा वाटा आहे, पुन्हा एनफॅटच्याच वाटेने. याउलट स्तनाचा, फुप्फुसाचा असे गाठींचे कॅन्सर डाऊन सिंड्रोमच्या प्रौढांत आश्चर्य वाटावं इतके कमी. त्याचं एक स्पष्टीकरण असं की आरकॅन-१ आणि डायर्क-१ए मिळून गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाहीत. तेव्हा हे एन्झाइम वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर ही ढाल पातळ होईल का, हा प्रश्न औषध बनवणाऱ्यांना विचारायलाच हवा. कॅप्सूलच्या बाटलीवर तो छापलेला नसतो.

डायबेटिसचं सांगायचं तर तिथली दिशा वेगळीच. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. हार्मिन हे रसायन डायर्क-१ए दाबतं, आणि ते दिल्यावर या पेशी विभागू लागतात, हे न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये २०१५ साली दिसलं. टाइप-१ डायबेटिसच्या दृष्टीने ही मोठीच बातमी होती. पण ज्या उंदरांत जन्मापासूनच डायर्क-१एची एक प्रत कमी, त्यांच्या बीटा पेशी उलट कमी निघतात आणि त्यांना डायबेटिस होतो. तेच एन्झाइम, तोच अवयव, फक्त वय वेगळं.

जाता जाता: हार्मिन हरमलच्या बियांत असतं, आणि हरमल आपल्याकडे धुरीसाठी काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतं. कुणी त्याचा काढा सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. हार्मिन मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइमही अडवतं. उलट्या, भ्रम, रक्तदाबाचे चढउतार आणि नैराश्यावरच्या काही औषधांशी जिवावर बेतणारी टक्कर, एवढं सगळं त्यातून होऊ शकतं.

अल्झायमरचा भाग तुमच्या भाचीसाठी आज दूरचा आहे, तरी खरा आहे. चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ या अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनांचे थर आणि गुंतवळी दिसू लागतात. स्मृतिभ्रंश पन्नाशीच्या आसपास सुरू होतो. इथला मुख्य आरोपी डायर्क-१ए नाही, एपीपी आहे. अमायलॉइड ज्यातून निघतं ते हे जनुक, तेही याच गुणसूत्रावर. पुरावा भक्कम आहे: गुणसूत्र नेहमीसारखं दोनच, पण एपीपीचा तुकडा तेवढा दुप्पट झालेला, अशा कुटुंबांत ऐन उमेदीत अल्झायमर येतो. आणि डाऊन सिंड्रोम असूनही एपीपीच्या दोनच प्रती असलेली एक बाई अठ्ठ्याहत्तर वर्षं जगली, तिच्या मेंदूत अल्झायमर नव्हता. डायर्क-१ए इथे साथीदार. टाऊवर २१२व्या जागी ते फॉस्फेट लावतं, त्यामुळे जीएसके-३ला पुढचे फॉस्फेट लावणं सोपं जातं आणि टाऊ गोळा होऊ लागतो. टाऊचे प्रकार कुठल्या प्रमाणात बनतील, हेही ते बिघडवतं. वर अमायलॉइड वाढलं की डायर्क-१एही वाढतं असं दिसलंय, म्हणजे एकाने दुसऱ्याला चढवत नेणं. मुलीची चाळिशी यायला छत्तीस वर्षं आहेत, तोवर या आघाडीवर बरंच काही घडेल असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी आज कॅप्सूल द्यायचं कारण नाही.

तर आता कॅप्सूल. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे रसायन प्रयोगशाळेत डायर्क-१ए अडवतं, हे खरं. डायर्क-१ए वाढवलेल्या उंदरांत ग्रीन टीच्या पॉलिफिनॉलने मेंदूतले काही दोष सुधारल्याचं फ्रेंच गटाने २००९ साली दाखवलं. तिथून बार्सिलोनामध्ये मारा दिएर्सेन आणि राफाएल दे ला तोरे यांनी माणसांवर चाचणी केली. १६ ते ३४ वयाचे ८४ जण, १२ महिने, सगळ्यांना बौद्धिक प्रशिक्षण, निम्म्यांना सोबत ईजीसीजी आणि निम्म्यांना तसाच दिसणारा निष्क्रिय पदार्थ. २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निकाल आला. दृश्य ओळखण्याची स्मृती, स्वतःला आवरण्याची क्षमता आणि रोजचं वागणं यांत थोडा फायदा, बाकी बहुतेक मापनांत फरक नाही.

काम चांगलं होतं आणि शास्त्रज्ञांनी मापात राहून लिहिलं होतं. ग्रुपवर पोहोचेपर्यंत त्यातले तीन शब्द गळाले: 'प्रौढ', 'प्रशिक्षणासोबत' आणि 'थोडा'. नंतर ६ ते १२ वर्षांच्या मुलांत सहा महिन्यांची चाचणी झाली, तिचा मुख्य हेतू सुरक्षितता बघणं हा होता. त्यावरून गुण येतो असं म्हणता येत नाही, आणि चार वर्षांचं मूल त्या वयोगटात बसतही नाही. उंदरांत तर काही प्रयोगांत ईजीसीजीने वागण्यात सुधारणा झालीच नाही, वर हाडांवर वाईट परिणाम दिसला. २०२१च्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या वाढीवर कमी मात्रेचा आणि जास्त मात्रेचा परिणाम उलटसुलट निघाला. पुन्हा तीच मात्रेची गोष्ट.

शिवाय ईजीसीजी एकट्या डायर्क-१एवर जात नाही. ते ढीगभर प्रथिनांना चिकटतं, पोटातून थोडंच शोषलं जातं, आणि किती शोषलं जाईल ते पोट रिकामं की भरलेलं यावर बदलतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्या प्रौढांत यकृताची एन्झाइम्स वाढतात असं नोंदवलं. आता वहिनीने मागवलेली बाटली हातात घ्या. पुढे मोठ्या अक्षरात 'ग्रीन टी अर्क, ५०० मिग्रॅ' असं काहीतरी असेल. मागे टक्क्यात पॉलिफिनॉल दिलेलं असेल, त्यातलं ईजीसीजी किती ते असेलच असं नाही. कॅफीन किती, ते तर बहुधा नसेलच. चार वर्षांच्या, बारा-तेरा किलोच्या मुलीला यातलं किती द्यायचं हे कोण ठरवणार? चहातली ही द्रव्यं अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. आपल्याकडे या वयाच्या मुलांचं हिमोग्लोबिन आधीच रडतखडत असतं.

नेमकी औषधं येत नाहीत का? येताहेत. अडचण अशी की डायर्क-१एचे सख्खे-चुलत नातलग पुष्कळ, डायर्क-१बी आणि सीएलके कुटुंब तर अगदी सारख्या ठेवणीचे. एकाला अडवताना दुसरा अडतो. फ्रान्समध्ये रॉस्कॉफच्या पेर्हा फार्मास्युटिकल्सचं ल्युसेटिनिब-२१ माणसांवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आलंय. त्यात उद्देश एन्झाइम बंद पाडणं हा नाही, दीडपटीवरून पूर्वपदावर आणणं हा आहे. पहिला टप्पा म्हणजे औषध सोसतं का एवढंच बघणं. पुढे कधी कुणी तुमच्या भावाला अशा चाचणीचं आमंत्रण दिलं, तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, हे आधी बघायला सांगा. आणि चाचणीत भाग घेण्याचे पैसे कुणी मागितले तर ती चाचणी नव्हे.

मग आज काय करायचं? चार वर्षांच्या मुलीसाठी मी कॅप्सूलचे पैसे दोन तपासण्यांवर घालवीन. एक कानाची. डाऊन सिंड्रोममध्ये कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे पाणी साचतं, मूल अर्धवट ऐकतं, आणि घरचे समजतात की बुद्धीमुळे बोलत नाही. दुसरी झोपेची. घोरणं, मान मागे टाकून किंवा बसून झोपणं, रात्री घामाघूम होणं यातलं काही असेल तर झोपेत श्वास अडतोय का ते तपासायलाच हवं. काही दिसत नसलं तरी या वयात स्लीप स्टडी एकदा करावी असा सल्ला आहे. रात्रभर प्राणवायू कमी पडणाऱ्या मेंदूला दिवसा शिकायला किती जड जात असेल बघा. टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढल्यावर लक्ष आणि चिडचिड यांत जो फरक पडतो, तो मी कुठल्याही अर्काने पडलेला पाहिलेला नाही. थायरॉइडची टीएसएच वर्षातून एकदा, डोळे, आणि वर्षातून एकदा साधा हिमोग्राम हे चालू असेलच. स्पीच थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम येतो. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा, नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यासाठी ते उपयोगी पडतं.

वहिनीला रागावू नका. बाटली परत करता येत असेल तर करा, नसेल तर घरातली मोठी माणसं ग्रीन टी पिऊ शकतात, कपातून.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. रिपोर्टवर ४७,एक्सएक्स,+२१ असं लिहिलंय. म्हणजे तिसरं गुणसूत्र सुटं आहे, दुसऱ्या कुठल्या गुणसूत्राला चिकटलेलं नाही. अशा वेळी आत्या, मामा, मावशी यांचा धोका वाढत नाही, त्यांनी स्वतःचा कॅरिओटाइप करायची गरज नसते. रिपोर्ट ४६ या आकड्याने सुरू होऊन त्यात 'डेर' किंवा 'रॉब' अशी अक्षरं, म्हणजे गुणसूत्र दुसऱ्याला चिकटल्याची खूण, असती, तर मी आधी तुमच्या भावाची आणि वहिनीची तपासणी करायला सांगितली असती. भावात काही निघालं असतं तर मग तुमचीही. भाऊ-वहिनींना दुसरं मूल हवं असेल तर त्यांच्यासाठी धोका साधारण एक टक्का धरतात, वहिनीचं वय जास्त असेल तर वयाचा जो धोका असेल तो. गरोदरपणात तपासणी उपलब्ध आहे, करायची की नाही हे दोघांनी ठरवायचं. तुमचा धोका तुमच्या वयाच्या कुठल्याही बाईइतकाच. होणाऱ्या सासरी कुणी विचारलं तर हा रिपोर्ट दाखवायचीही गरज नाही, तो तुमचा नाहीच.